टबाची कड, साडेबावीस इंच

थोरल्या नातीचं ठरलेलं लग्न मोडलं आणि मोडल्याचं घरातल्या एकूण एक माणसाला बरं वाटलं, त्याच वर्षी खालच्या न्हाणीघरातल्या फरश्या सुटायला लागल्या. आधी दाराजवळची एक वाजू लागली, मग तिच्या शेजारची, आणि थंडी ओसरेपर्यंत सात-आठ फरश्या म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारख्या हलू लागल्या. थोरला म्हणाला, आता ठिगळं लावत बसायला नको, सगळं न्हाणीघरच नव्यानं करून घेऊ. लगेच पहिला प्रश्न आला तो टबाचा. ठेवायचा की काढायचा?

मोठीनं ते ऐकलं आणि ती धास्तावली.

मोठी म्हणजे थोरल्याची आई. ऐंशीला दोन कमी. तिचा नवरा शिंपी होता, सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तर कापायचे, मोठी काजं करायची. मास्तरांना जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि दुकान आता थोरला चालवत होता. पुढे दुकान, मागे घर, मधल्या भिंतीला लागून खालचं न्हाणीघर. बाकीची मंडळी वरच्या मजल्यावर अंघोळ करत. खालचं न्हाणीघर मोठीचं, आणि त्यात तो बिडाचा, पांढरा, चार पायांवर उभा असलेला टब.

मास्तरांनी तो अंघोळीसाठी आणलाच नव्हता. नवं कापड पाण्यात बुडवून, आटवून, वाळवून मगच त्याला कात्री लावायची, म्हणजे शिवल्यावर ते गिऱ्हाइकाच्या अंगावर आटत नाही, हा त्यांचा नेम. त्यासाठी अख्खं थान मावेल असं भांडं त्यांना हवं होतं. पुढे गिरणीतूनच कापड आटवून यायला लागलं, तेव्हा टब पोरांच्या वाट्याला आला.

पण मोठी धास्तावली ती मास्तरांच्या आठवणीनं नव्हे. तिला धास्ती होती ती मापाच्या वहीची.

दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या पायऱ्यांवर ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिची लेक मोठ्या दवाखान्यात नर्स. दवाखान्यातच बहीण-भावांचं वाजलं. लेक म्हणाली, तुमच्या घरात तिच्याकडे बघायला कुणाला वेळ आहे, ती माझ्याकडे येईल. थोरला म्हणाला, तिचं घर हे आहे. मोठी खाटेवरून म्हणाली, माझ्याबद्दल मला विचारा की. शेवटी लेकीनंच तोडगा काढला. ज्या दिवशी आईला त्या टबाची कड स्वतःहून ओलांडता येणार नाही, त्या दिवशी आई तिच्याकडे. तोवर इथे. या घरात शब्द दिला की तो मापाच्या वहीत लिहायची पद्धत मास्तरांनी घालून दिली होती, कारण त्या वहीतलं कुणी खोडत नसे. थोरल्यानं लिहिलं, 'टबाची कड, साडेबावीस इंच. ओलांडता येईल तोवर आई इथेच.' मोठीनं खाली सही केली. तेव्हा तिला साडेबावीस इंच म्हणजे काहीच वाटलं नव्हतं.

लेकीनं आणखी एक शिस्त लावली होती. टबात उतरलं की मगानं कडेवर एक ठोका मारायचा, बाहेर आलं की दुसरा. स्वयंपाकघर शेजारीच. ठोके ऐकले की सुनेचा जीव भांड्यात पडायचा.

सहा-सात महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी मोठीचा उजवा पाय वर जाईना. तिनं हातानं उचलून पाहिला, त्याला शिव्या घालून पाहिल्या. पाय ढिम्म. तेव्हा तिनं टबाशेजारी स्टूल ओढलं, बादली भरली, टबाला एक ठोका मारला आणि बाहेरच बसून अंघोळ केली. उठताना दुसरा ठोका मारला. त्याला आता चौदा महिने झाले होते.

*

रविवारी दुकान बंद. नळकाम करणारा मिस्त्री सकाळी नऊलाच येऊन न्हाणीघरात ठोकाठोक करत होता. येताक्षणीच त्यानं बजावलं होतं, "बारापर्यंत काय ते ठरवा. टब राहणार असेल तर नळ एकीकडून येतील, जाणार असेल तर दुसरीकडून. मी भिंत एकदाच फोडतो."

सगळे दुकानात कापणीच्या टेबलाभोवती बसले. घरातलं महत्त्वाचं काहीही तिथेच ठरायचं. नातीचं लग्न तिथेच ठरलं होतं आणि तीन महिन्यांपूर्वी तिथेच तिनं 'मला नाही करायचं' म्हणून सांगितलं होतं. लेक ड्यूटी संपवून थेट आली होती. डोळे लाल, हातात चहा.

मोठीनं कुणाला तोंड उघडू दिलं नाही. "आधीच सांगते, टब राहील. तुमच्या बापानं आणलाय तो."

"आजोबांनी एक शिंग मोडलेलं पत्र्याचं हरीणही आणलं होतं," नात म्हणाली. "ते दिलंच की बाबांनी भंगारात."

"हरणात कुणी अंघोळ करत नव्हतं."

"आजी, तुझं वय काय, त्या टबाची उंची काय? खाली सपाट फरशी, धरायला दांडा, बसायला बाक. जगात सगळे आता तसंच करतात."

मोठीनं मुलाकडे पाहिलं. आता हा पोरीची री ओढणार, हे तिला ठाऊक होतं. टबाखालचा कचरा निघत नाही म्हणून तो दरवर्षी कुरकुरायचा.

थोरला टेबलावरचा खडू बोटांत फिरवत होता. "राहू दे टब," तो म्हणाला.

"काय?" नात म्हणाली.

"राहू दे. बीड आहे, आपल्यानंतर शंभर वर्षं टिकेल."

"मलाही वाटतं राहू दे," सून म्हणाली. "पांघरुणं भिजत घालायला बरा पडतो."

सुनेनं आजवर त्यात रुमालसुद्धा भिजत घातला नव्हता. मोठी बुचकळ्यात पडली. पण खरी लढाई लेकीशी होती. टब काढा असं ती म्हणणार, का म्हणून विचारलं की तिला ओलांडवत नाही म्हणून सांगणार, आणि मग वही निघणार. मोठी पदरचं सगळं बळ एकवटून तिच्याकडे वळली.

लेकीनं चहाचा शेवटचा घोट घेतला. "असू दे टब," ती म्हणाली. "आईला सवय आहे त्याची."

आतून मिस्त्रीची हातोडी ऐकू येत होती.

"म्हणजे टब काढा म्हणणारी मी एकटीच?" नात म्हणाली. "आत्या, तू नर्स ना? मागच्या महिन्यात फोनवर तूच म्हणाली होतीस की म्हाताऱ्या माणसाच्या घरात टब म्हणजे सापळा."

"ते दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या माणसांबद्दल."

"आणि आई, तू? टबाचे पाय घासून घासून माझी कंबर गेली, असं तू म्हणायचीस."

"कंबर आहे अजून," सून म्हणाली. "तू गप्प बस जरा."

मोठीला खरं तर आनंद व्हायला हवा होता. तिघं तिच्या बाजूनं. पण चाळीस वर्षं काजं केलेल्या बाईला समजतं, दोरा फार सहज ओवला गेला की बहुतेक गाठ मारायची राहिलेली असते. लेक आजवर तिच्या बाजूनं कधी बोलली होती? आणि बोलताना ती बशीकडे का बघत होती?

तेवढ्यात मिस्त्री दारात येऊन उभा राहिला. हाताला ओली वाळू लागलेली.

"एक विचारायचं होतं. त्या टबात अंघोळ कोण करतं?"

"मी," मोठी म्हणाली. "रोज."

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. माणूस सरळ होता, कुणाचं काय उघडं पडतंय याची त्याला कल्पना नव्हती. "आजी, रागावू नका. पण टबाच्या जाळीखाली कोळ्यानं घर केलंय. पाईप वाळून खडखडीत. आणि इकडे फरशीखालची वाळू बघा, चिंब. ही जमीन पाण्यासाठी केलेलीच नाही, तिला उतार नाही. वर्ष-सव्वा वर्ष रोज बादलीभर पाणी टबाच्या बाहेर पडतंय. फरश्या त्यानंच सुटल्यात. मला वाटलं नळ गळतोय, पण नळ धडधाकट आहे."

एवढं सांगून तो पुन्हा आत गेला.

मोठीला वाटलं, आपण इतक्या जणांसमोर उघड्यावर अंघोळ करतोय. तिनं मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. उजव्या अंगठ्याला सुईनं पडलेला घट्टा अजून तसाच होता. आता वही निघेल. आता ती लेकीच्या घरी जाईल, तिसऱ्या मजल्यावर, जिथून खाली उतरायचं तर चार माणसं लागतील. दुकानातली मशीनं तिला ऐकू येणार नाहीत. गिऱ्हाईक आलं की आतूनच 'बाही आखूड वाटतेय रे' असं ओरडायला मिळणार नाही.

"चौदा महिने," ती म्हणाली. "पाय जात नाही वर. मी खोटं बोलत होते. काढा ती वही."

कुणी उठलं नाही.

"आई," सून हळूच म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पाण्यानं भरलेल्या टबावर ठोका मारला की बसका आवाज येतो. तुमचा ठोका खणखणीत यायचा. पहिल्या दिवशीच कळलं मला. रिकाम्या टबात कोण अंघोळ करतं?"

चौदा महिने ती ठोके मारत होती. कधी घाईत, कधी मुद्दाम सावकाश, खरं वाटावं म्हणून. आवाजाचा विचार तिच्या डोक्यातच आला नव्हता.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही गेला असता."

सून साधेपणानं म्हणाली आणि टेबलावरच्या चिंध्या गोळा करू लागली. लग्न होऊन आल्यावर पहिली पाच वर्षं या दोघींचं एकमेकींशी जेमतेम पटायचं, हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना आठवत होतं.

"मलाही माहीत होतं," थोरला म्हणाला.

"तुला आणि कसं?"

"तुझा अंघोळीचा झगा. उजव्या बाजूची दुमड सारखी झिजायची. पाय उचलणाऱ्या माणसाचा झगा जमिनीवर घासत नाही, ओढणाऱ्याचा घासतो. अडकून पडशील म्हणून मी दर दोन महिन्यांनी त्या बाजूची दुमड अर्धा इंच वर घ्यायचो. तू झोपलीस की."

"म्हणून तो आखूड होत होता होय," मोठी म्हणाली. "आणि मी म्हणत होते, आपल्या घरातलं कापड आटलं कसं."

नात हसली, आणि मग हसू दाबायला तिनं तोंडावर हात ठेवला. मोठी मात्र लेकीकडे बघत होती. लेकीचा चेहरा लाल झाला होता.

"तू तर चालताना बघूनच माणसाचं हाड सांगतेस," मोठी तिला म्हणाली. "तुला कळलं नव्हतं असं म्हणू नकोस."

"कळलं होतं. मागच्या उन्हाळ्यात."

"मग टब असू दे कशाला म्हणालीस? वही तुझीच. कबूल केलेलं मी मोडणार नाही. ने मला."

लेकीनं बशी बाजूला सारली. मग एकदम सगळं बोलून टाकलं.

"मी दोन वर्षं घाबरून आहे, आई. मी ते रागात बोलले होते. दादा मला म्हणाला की तू फक्त सणासुदीला येतेस, ते मला लागलं होतं. घरी जाऊन खोली रिकामी केली, खाट आणली, आणि खाटेवर बसून विचार केला की हिला इथे वर चढवायचं कसं. लिफ्ट नाही. मी आठवड्यातले चार दिवस दवाखान्यात. तू दिवसभर कुणाशी बोलणार, भिंतींशी? दर वेळी दादाचा फोन आला की वाटायचं, आज सांगणार, आईचा पाय उचलत नाही. तुझ्याकडे आले की मी मुद्दाम तुझ्या पायांकडे बघायची नाही."

मोठीला आत काहीतरी टोचलं. "म्हणजे मी नको होते."

"नको नाही गं. पण तू माझ्याकडे आली असतीस तर आठ दिवसांत माझ्या सगळ्या पडद्यांच्या दुमडी उसवून पुन्हा शिवल्या असत्यास, आणि नवव्या दिवशी करायला काही उरलं नसतं. मग काय केलं असतंस?"

मोठीनं विचार केला. लेकीचे पडदे तिला आठवले. एक बाजू दोन बोटं लोंबत होती, पडण्याआधी तिथे गेली होती तेव्हापासून तिच्या नजरेला ते खुपत होतं.

"पंधरा दिवस तरी लागले असते," ती म्हणाली. "फार वाईट शिवलेत ते."

आधी नात हसली, मग थोरला. लेक हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि सुनेनं तिच्यापुढे चिंध्यांतला एक स्वच्छ तुकडा सरकवला. "घ्या वन्सं. आटवलेलं आहे."

मोठीनं टेबलावर दोन्ही हात टेकले. चौदा महिने छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटत होतं, आणि ती जागा रिकामी झाल्यानं तिला एकदम भूक लागली. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं.

"तुम्ही सगळे शहाणे," नात म्हणाली. "एकानं तोंड उघडलं असतं तर फरश्या तरी वाचल्या असत्या. मी 'नाही' म्हणाले तेव्हा आभाळ कोसळलं का? उलट बाबा त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले."

"तीन," सून म्हणाली.

*

उरला टब. ठेवा म्हणणाऱ्यांपैकी कुणालाही आता तो ठेवायचा नव्हता. मिस्त्री म्हणाला, "काढतो, पण दारातून जायचा नाही. घणानं फोडावा लागेल."

घण म्हटल्यावर मोठीचा चेहरा उतरला. थोरल्यानं ते पाहिलं. "आत आला कसा होता मग?" त्यानं विचारलं.

ते फक्त मोठीला माहीत होतं. मास्तरांनी टब घेताना त्याचं माप घेतलं होतं, पण घेतलं ते माणसाचं घ्यावं तसं. टेप गुंडाळून घेर घेतला, उंची घेतली, लांबी घेतली, सगळं वहीत लिहिलं, आणि रुंदी घ्यायची राहूनच गेली, कारण माणसाची रुंदी कुणी घेत नाही. टब दारात अडकला. आडवा केला, उभा केला, शेवटी दुकानाच्या बाजूनं भिंत फोडून आत घेतला आणि पुन्हा विटा रचल्या. गावात कळू नये म्हणून मास्तरांनी ते काम दोन दिवसांत उरकलं होतं आणि बायकोला शपथ घातली होती.

"कुठे फोडली होती?" मिस्त्रीनं विचारलं.

मोठी काठी टेकत उठली. इस्त्रीचं कपाट बाजूला सरकवायला लावून मागच्या भिंतीवर तिनं काठीनं टकटक केलं. आवाज वेगळा आला. मिस्त्रीनं हातोडीच्या दांड्यानं चारी बाजूंनी ठोकून चौकोन काढला आणि खूश झाला. "ही अर्ध्या विटेची आहे. संध्याकाळपर्यंत मोकळी करतो. टब दुकानात. आणि हे भोक बुजवायलाच नको, इथेच रुंद दार करा. आजींना स्वयंपाकघराला वळसा घालायला नको. उंबराही ठेवत नाही, फरशी सलग नेतो."

"टब दुकानात ठेवून काय करायचं?" थोरला म्हणाला.

"मला द्या," नात म्हणाली. ती गेल्या सहा महिन्यांपासून वडिलांच्या हाताखाली कापायला शिकत होती. "हातमागाचं कापड आटवून येत नाही. मी घेणार आहे शिवायला. आजी दाखवेल कसं आटवायचं."

"पाणी कोमट लागतं," मोठी म्हणाली. "आणि कापड पिळायचं नाही. तुझे आजोबा पिळायचे आणि वर नाकारायचे."

बाराला पाच कमी असताना मिस्त्रीला सांगितलं, टब काढा.

मग लेकीनंच वही मागितली. थोरल्यानं ती फळीवरून उतरवली. जुन्या ओळीला त्यानं हात लावला नाही. वहीतलं खोडायचं नाही हा मास्तरांचा नियम त्यानं पाळला. तिच्याखाली त्यानं लिहिलं, 'न्हाणीघराचा उंबरा, शून्य इंच. ओलांडता येईल तोवर आई इथेच.' आणि वही आईपुढे सरकवली.

मोठीला अक्षरं उशिरा आली होती. साठी उलटल्यावर नातीच्या पाटीवर ती सही शिकली होती. तिनं ओळ बोट ठेवून वाचली, शून्यावर थोडं थांबली, आणि हसून एकेक अक्षर नीट काढत सही केली. खाली लेकीनंही केली.

"आता खायला द्या कुणीतरी," मोठी म्हणाली.

नवं न्हाणीघर तीन आठवड्यांत झालं. पहिल्या दिवशी बाकावर बसून अंघोळ झाल्यावर मोठीनं सवयीनं मग उचलला, टब नव्हता म्हणून बादलीवर ठोका मारला, आणि पुढे तेच चालू राहिलं. एक आधी, एक नंतर. कुणी बंद कर म्हणालं नाही.

लेक दर रविवारी यायला लागली. तिच्या पडद्यांचे सहाही तुकडे मोठीनं इथेच मागवून घेतले आणि सावकाश, वर्षभर पुरवून शिवले.

मोठी त्यानंतर सात वर्षं जगली. आठव्या वर्षी फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, सोमवारी, सकाळी साडेआठच्या सुमारास, अंघोळ करून आल्यावर आपल्या खोलीत खुर्चीत बसलेली असताना ती वारली. सुनेनं दोन्ही ठोके ऐकले होते.